कुणाचा रं तू?

आषाढ सरत आला होता आणि पाऊस असा लागून राहिला होता की छापखान्यातला कागद हाताला दमट लागायचा. दमट कागद मशीनला चालत नाही, दोन-दोन ताव एकदम ओढते. शिव्या घालत बसण्यापेक्षा मी त्या संध्याकाळी साडेसातलाच शटर ओढलं. सगळ्या कोल्हापूरचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडं. चहाच्या गाड्यावर, रिक्षात, दवाखान्याच्या बाकड्यावर एकच प्रश्न, "किती फूट झालं?" आणि आमच्या पेठेच्या कोपऱ्यावर वाईन शॉपपुढं गटारीची गर्दी. एका हातात मटणाची काळी पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, आणि तिसरा हात असता तर बरं झालं असतं अशा चेहऱ्यानं काउंटरकडं सरकणारी माणसं. मी कडेकडेनं चाललो होतो. तेवढ्यात मागून हलकेच हाक आली, "काका, एक काम हुतं."

वळून बघितलं तर ओठांवर नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा. पाठीवर क्लासची सॅक, केस भिजून कपाळाला चिकटलेले. मुठीत पाचशेची नोट, घडी घालून घालून तिकिटाएवढी केलेली. "दोन टिन घेऊन द्या की. मला देत न्हाईत त्ये, आधार मागत्यात." मी त्याला ओळखलं. त्यानं मला नावानं ओळखलं असेल असं वाटत नाही, पण मी ओळखलं. त्याच्या बारशाची पत्रिका मी छापली होती. फिकट निळं कार्ड, वर पाळणा. आत्याबाईंचं नाव चुकलं म्हणून शंभर कार्डं पदरच्या खर्चानं परत छापावी लागली होती, असलं काही विसरता येत नाही. चालता चालता हिशेब केला, पोरगं सोळाचं.

मी त्याला काय म्हणालो? रागावलो? कान धरून घरी नेलं? तसलं काही नाही. "घाई आहे रे," म्हणालो आणि पुढं निघालो.

घाई नव्हती.

रात्री जेवताना ते "घाई आहे रे" घशाशी येत राहिलं. बायकोला सांगितलं नाही. पोरानं बिअर मागितली याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं, खरं सांगायचं तर. सोळाव्या वर्षी आम्हीही काही तुळस लावून बसलो नव्हतो. मला टोचत होतं ते वेगळंच. त्या फुटपाथवर चाळीस-पन्नास माणसं होती. त्यातून त्यानं मला निवडलं. म्हणजे त्यानं उभं राहून, पावसात भिजत, एकेक तोंड तपासलं असणार. हा ओरडेल, हा पैसे खाईल, हा बापाला सांगेल. आणि मग मी दिसल्यावर त्याच्या मनानं कौल दिला, हा चालतोय. माझ्या तोंडावर असं काय लिहिलं होतं? अर्थात महिन्यातून एखाद्या शनिवारी त्याच काउंटरवर मीही असतो, खाकी पिशवी बगलेत धरून. त्यानं कधीतरी बघितलं असेल. पोरं सगळं बघतात.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना उलटं होतं. तेव्हा पोर मोठ्याला पाठवत नव्हतं, मोठा पोराला पाठवायचा. माझे थोरले चुलते शाहू मिलमध्ये होते. पगाराच्या दिवशी मिलचा भोंगा झाला की अर्ध्या तासात ते दारात, चपला काढायच्या आधी मला हाक. कापडी पिशवी, पैसे आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नुसती खूण असायची, दुकानदाराला अक्षरं नको होती. मला त्या दुकानाचा फळीचा काउंटर आठवतो, कारण माझं नाक बरोबर त्या फळीच्या उंचीला यायचं. आंबूस, संत्र्याच्या सालीसारखा आणि खाली कुठंतरी रॉकेलचा असा वास. दुकानदार वाकून बघायचा, "कुणाचा रं तू?" मी चुलत्यांचं नाव सांगायचो. तो मान हलवायचा आणि बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत सोडायचा. नाव सांगणं हाच परवाना होता. परत आल्यावर मला लिमलेटच्या गोळ्यांना दहा पैसे मिळायचे, आणि चुलते खुशीत असले तर बुचात ओतून थेंबभर. "औषध हाय, कडू लागंल." लागायचंच.

एकदा बूच सैल होतं. घरी येईपर्यंत पिशवीचा तळ भिजला. चुलते पुढच्या खोलीत ओरडले ते ओरडले, पण आईनं ती पिशवी माझ्या हातातून घेतली, नाकाशी नेली आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ती पिशवी चुलीपुढं पोतेरं झाली होती. मधोमध उसवलेली, शेणात बुडवलेली. चुलत्यांनी ती येता-जाता बघितली. तेही काही बोलले नाहीत. पण त्यानंतर पगाराच्या दिवशी ते स्वतः जायला लागले. आमच्या घरातली दारूबंदीची चळवळ म्हणायची तर ती एवढीच, आणि ती एका पोतेऱ्यानं झाली. चुलते मात्र प्यायचे थांबले नाहीत. पुढं लिव्हरनंच गेले.

तालमीत वस्ताद होते तोवर दुसरी एक तपासणी असायची. हौद्यात उतरायच्या आधी वस्ताद समोर उभं करायचे. "हा कर." आपण तोंड उघडून हा करायचा आणि ते आंबा पारखावा तसा वास घ्यायचे. तंबाखूचा वास आला तर शंभर बैठका जादा. दारूचा कुणाला आला असेल तर मला माहीत नाही, कारण तसा वास घेऊन वस्तादांपुढं यायची कुणाची छाती नव्हती. ताक, तेल, लिंबू आणि हळद जिरलेल्या त्या तांबड्या मातीचा वास अजूनही तालमीचं दार उघडलं की येतो. पण हौद्यावर आता फळ्या टाकल्यात, फळ्यांवर कॅरम आला, कॅरमच्या मागं ढोल, ढोलांच्या मागं साऊंडची खोकी. वस्तादांची खुर्ची आहे. तिच्यावर फुटबॉलची जाळी ठेवतात.

गणपतीच्या मिरवणुकीत व्हायचं ते झालं. विसर्जनाच्या रात्री दीडच्या सुमाराला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं दहावीतलं एक पोरगं कोसळलं. माझ्याकडं आला होता तो नव्हे, दुसरा. थंड पेयाच्या बाटलीत मिसळून आणलेली, कुणी दिली ते शेवटपर्यंत धड कळलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं आणि कुणी बोललं नाही. त्याच्या दोस्तांनी त्याला बोळात नेऊन लिंबू पिळून पाजलं, डोक्यावर पाणी ओतलं, कुणी काळी कॉफी आणायला पळालं. घरी कळेल या भीतीनं तास घालवला. मग एकाला शहाणपण सुचलं आणि त्यांनी रिक्षात घातलं. पोरगं वाचलं. आमच्या पेठेतले डॉक्टर दुसऱ्या दिवशी तालमीत येऊन तापले. लिंबानं आणि कॉफीनं दारू उतरत नाही, असल्या पोराला उताणं ठेवायचं नाही, कुशीवर वळवायचं, उलटी झाली तर ती श्वासनळीत जाऊन जीव जातो, आणि उठत नसेल तर घटकाभरही थांबायचं नाही. हे ते तीनदा बोलले. जाता जाता दारात थांबून म्हणाले, मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि जो लवकर सुरू करतो त्याला पुढं व्यसन लागायचा धोका जास्त.

मग बैठक झाली. शाहू महाराजांच्या फोटोखाली अध्यक्ष, खजिनदार, पोलीस ठाण्याचे एक हवालदार, शाळेतल्या एक बाई, बचत गटाच्या चौघीजणी, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून खुद्द वाईन शॉपवाला. त्याला का बोलावलं यावर आधीच वाद झाला होता. पहिला अर्धा तास पोरांना कसं फोडून काढावं यावर गेला. कोल्हापुरात फोडून काढण्याचे इतके प्रकार आहेत की अर्धा तास कमीच पडतो. मग दुकानवाला शांतपणे म्हणाला, "पोराला मी देत न्हाई. पुण्यात ते कल्याणीनगरचं झाल्यापासनं तर आधार बघितल्याबिगर हात लावत न्हाई. पण मोठा माणूस चार बाटल्या घेतोय, कोपऱ्यावर जाऊन पोरास्नी वाटतोय. माझा कॅमेरा माझ्या दारापर्यंत. पुढचं कोण बघणार?" खजिनदारानं मोबाईल काढून त्यात बघायला सुरुवात केली. 2024 च्या मे महिन्यातल्या त्या रात्री सतरा वर्षांच्या पोराच्या गाडीखाली दोन जीव गेले, आणि त्या वेळी सगळ्यांनी बोटं पुण्याकडं केली होती. आता बोट कुठं करायचं कळेना.

शाळेच्या बाई बराच वेळ गप्प होत्या. मग महाराजांच्या फोटोकडं बघत म्हणाल्या, "ह्यांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोर शाळेत नाही आलं तर महिना एक रुपया दंड ठेवला होता. पोराला नाही, बापाला." एवढं बोलून त्या खाली बसल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बचत गटातल्या एक आक्का आडव्या बाटलीचं, म्हणजे बायकांच्या मतदानानं दुकान बंद करायचं, बोलल्या. हवालदारांनी समजावून सांगितलं. प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या हव्यात, त्या पडताळल्या जातात, मग गुप्त मतदान, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. मत द्यायला आल्या त्यांच्यातल्या निम्म्या नव्हे, यादीतल्या सगळ्यांतल्या निम्म्या. चौघींनी तिथंच बोटांवर गल्ल्या मोजल्या. मग दुसरी एक म्हणाली, हे बंद केलं तर पोरं गोव्याची आणतील. तेही खरं. इथून घाट उतरलं की गोवा किती लांब, आणि गोवा बनावटीची दारू पकडल्याची बातमी आमच्याकडं पेपरात हवामानासारखी येत असते. आणि आपण तरी कुणाच्या नावानं बोटं मोडायची? ऊस आपला, कारखाना आपला, मळी आपली. गळिताला लागला की ट्रॅक्टरला हार घालतो आपण. त्या मळीचं पुढं काय काय होतं ते आपल्याला माहीत नाही असं थोडंच आहे?

पत्रक छापायचं ठरलं आणि ते अर्थातच माझ्या गळ्यात. एकरंगी, दोन हजार प्रती, कागदाचे पैसे तालमीचे आणि छपाई माझी. मजकूर बाईंनी लिहिला. मी आयुष्यात हजारो प्रुफं वाचली, पण या पत्रकाच्या प्रुफावर अडकलो. महाराष्ट्रात बिअरला 21 वर्षं पूर्ण हवीत आणि कडक दारूला 25, ही ओळ वाचून माझ्याकडं बायंडिंग करणारा पोरगा हसायला लागला. त्याला वाटलं आकडा उलटा पडलाय. तो चोवीसचा. पिणाऱ्याकडं परवाना लागतो हेही त्याला नवीन, आणि मला जुनं असून काय उपयोग, परवाना मी कधी काढला होता? कायद्याचं नाव 1949 पासून दारूबंदी कायदा, आणि आपण त्याच्यात राहून दुकानापुढं रांगा लावतो. पुढची ओळ बाल न्याय कायद्याची होती. अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. इथं माझी पेन्सिल थांबली. बुचात ओतलेला तो थेंब. चुलते जाऊन तीस वर्षं झाली. आणि मग ट्रॉलीमागचं ते पोरगं आणि थंड पेयाची बाटली.

संध्याकाळी अध्यक्ष प्रूफ बघायला आले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "ती सात वर्षांची ओळ जरा कडक वाटतीय. काढली तर?" मी म्हणालो, बघतो. ते गेल्यावर मी ती ओळ दोन पॉइंट मोठी केली. माझ्या हातात तेवढंच होतं. पत्रकं वाटली गेली, त्यातली बरीचशी दुसऱ्या दिवशी भडंगाच्या पुड्या होऊन परत आली. छापखानेवाल्याला हे नवीन नाही.

पण कार्तिकात मेथी स्वस्त झाली आणि भलतंच काहीतरी सुरू झालं. त्या आक्कांनी ठराव वगैरे केला नाही. एक दिवस संध्याकाळी सातला चौघीजणी वाईन शॉपच्या समोरच्या कट्ट्यावर येऊन बसल्या. मांडीवर परात, परातीत मेथीची जुडी. निवडायला लागल्या. घोषणा नाही, फलक नाही, कुणाला अडवणं नाही. गप्पा चालू, सून, सासू, गॅस, सिरियल. पण दुकानाच्या पायरीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाकडं चौघींची मान एकदमच वळायची. दुसऱ्या दिवशी सहाजणी. मेथी संपली की वाटाणा. पेठेतल्या माणसाला पोलिसाची भीती वाटत नाही, पण ज्या वैनीच्या हातचा शिरा सत्यनारायणाला खाल्ला तिच्या नजरेसमोर चपटी घ्यायची म्हणजे अवघड काम. मिशाळ मिशाळ माणसं लांबूनच गाडी वळवायला लागली. आणि एखादं पोरगं घुटमळताना दिसलं की कट्ट्यावरून आवाज यायचा, "ए, कुणाचा रं तू?"

त्या प्रश्नाला कोल्हापुरात खोटं उत्तर देता येत नाही. दिलं तर तिसऱ्या वाक्याला पकडतात.

एका संध्याकाळी मी शटर ओढून निघालो तर कट्ट्यावर तो बसलेला, माझा पाचशेच्या नोटेवाला. आक्कांनी त्याच्यापुढं परात सरकवली होती. "आलाईस तर बस. निवड जरा, आज गुडघा दुखतोय माझा." आणि ते पोरगं मान खाली घालून मेथीची पानं खुडत होतं, देठासकट. आक्का मधेच त्याच्या हातावर चापट मारायच्या, "देठ नगं, कडू हुतीया." त्यानं मान वर केली, मला बघितलं. मी त्याला हसलो की काय ते मला सांगता येणार नाही, पण तो हसला नाही. तो पुन्हा खाली बघून पानं खुडायला लागला.

31 डिसेंबरला चौकात मसाला दूध वाटलं. गंगावेशीतून आणलेलं म्हशीचं, वर बोटभर साय. पोरांनी रांगा लावून प्यायलं, सेल्फी काढले, आणि त्यातली काही साडेदहाला गाड्यांना किका मारून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागली ते मी डोळ्यांनी बघितलं. काही मात्र खरंच थांबली. भांडी विसळून, चूल विझवून बारानंतर घरी गेली. दोन्ही बघितलं.

संक्रांत झाल्यावरचा शनिवार. दिवसभर लग्नपत्रिकांचं काम, पाय भरून आलेले, आणि मला बसावंसं वाटलं. आमच्या कोपऱ्यावर कट्टा भरलेला, पराती मांडीवर. मी नेहमीसारखा तिकडं वळलो नाही. गाडी काढली आणि तीन पेठा ओलांडून, जिथं मला कुणी ओळखत नाही अशा दुकानापाशी जाऊन लावली. आमच्या पेठेतले आणखी दोघं तिथं आधीच उभे होते. आम्ही एकमेकांना बघितलं नाही असं ठरवून टाकलं. खाकी पिशवी बगलेत धरून मी पायरीकडं निघालो, आणि दुकानाच्या बाजूला मोबाईलच्या उजेडात उभं असलेलं एक पोरगं येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं एकेक करून बघताना दिसलं. माझ्यावर नजर आली, पुढं गेली, आणि परत आली.

"काका, एक काम हुतं."

मी थांबलो. नोट या वेळी दोनशेची होती.

"कुणाचा रं तू?" मी विचारलं.

तो गोंधळला. हा प्रश्न त्याच्या हिशेबात नव्हता. गल्लीचं नाव सांगितलं, मग बापाचं, मग बाप काय करतो ते. मी विचारत गेलो आणि तो सांगत गेला. कितवीला, बारावीला. सायन्स की कॉमर्स, सायन्स. फुटबॉल? हाफला खेळतो. मॅच कधी, परवा. बोलता बोलता ती नोट त्याच्या खिशात कधी गेली ते मला कळलं नाही. "जातो काका," म्हणाला आणि दोन पावलं मागं सरून थांबला. गेला नाही. खांबाला टेकून, हात खिशात घालून, मी आता काय करतोय ते बघत उभा राहिला.

काउंटरवरच्या माणसानं जाळीतून हात बाहेर काढून चुटकी वाजवली. "बोला साहेब. काय देऊ?"